पांढरा भाग

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी भांडण.

काल तुझा बाप जेवताना तुझा नकाशा दाखवत होता. "आई, बघ, आपल्या शेजारचं रान! तुझ्या नातीनं केलंय!" असं म्हणून फोन माझ्या नाकाला लावला. मी म्हटलं, लांब धर, मला वास घ्यायचा नाहीये, बघायचंय. लाल, नारिंगी, पिवळ्या रेघा. पश्चिमेच्या फाटकाजवळ तर भाजल्यासारखं लालभडक. आणि जुन्या दगडखाणीपलीकडचा सगळा भाग पांढराफटक. मी विचारलं, इथे हिचा रंग संपला का? तर म्हणतो, "तिथे कोणी जातच नाही आई. म्हणून तर पालिका तिथे गाड्या उभ्या करायला जागा करणार आहे. आपल्या पोरीच्या अहवालावरून ठरणार!" छाती अशी फुगवली होती की शर्टाचं बटण तुटायचं.

माझा घास हातातच राहिला.

कोणी जात नाही, हे तुला कोणी सांगितलं? तू तिकडे तीनशे मैलांवर बसलेली. रानात माणूस येतो-जातो ते तुला खुर्चीवरून कसं दिसतं? मला नीट समजेल असं लिही. चौथीपर्यंत शिकलेली आहे मी, पण तेव्हाची चौथी.

हे मी माझ्यासाठी विचारत नाही. खालच्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना उत्सुकता आहे.

उत्तर त्यांच्याच पत्त्यावर पाठव. फोन करू नकोस. तुझा फोन आला की तुझा बाप आवाज मोठा करून शेजारी बसतो आणि माझ्या वाटची उत्तरंही तोच देतो. पत्रात त्याला तोंड घालता येत नाही.

गुडघा त्याच्या जागी आहे. आशीर्वाद.

तुझी आजी

---

११ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना दाखवलं. (फक्त पाकीट. आत काय लिहिलंस ते नाही, घाबरू नकोस.) इथे कोणाला हातानं लिहिलेलं पत्र येत नाही. आमच्या मोठ्या बाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं.

आता मास्तरीणबाईंसाठी उत्तर. हल्ली लोक चालायला, पळायला जाताना फोन खिशात ठेवतात. त्यात एक ॲप असतं, ते किती चाललो, कुठून गेलो ते मोजतं. ती सगळी माहिती आमच्या संस्थेला मिळते. त्यात कोणाचंही नाव नसतं. घराजवळचा रस्ताही पुसलेला असतो, म्हणजे कोण कुठे राहतं ते कळू नये. शिवाय लोक रानात फोटो काढून टाकतात, त्यावरूनही जागा कळते. तुमच्या रानातल्या आठ महिन्यांच्या चाळीस हजार फेऱ्या मी तपासल्या. त्यातल्या खाणीपलीकडे किती गेल्या माहीत आहे? एकोणीस. आणि त्या एकोणीसपैकी बहुतेक जण गोल गोल फिरलेत, म्हणजे चुकलेले असणार.

पश्चिमेला एवढी गर्दी आहे की झाडांची मुळं उघडी पडली आहेत. गाड्या आणि कचऱ्याचे ट्रक तिथून हलवून रिकाम्या भागात नेले, तर रान वाचेल. अहवाल मेच्या सुरुवातीला पालिकेत मांडायचा आहे. माझा पहिला स्वतंत्र अहवाल, आजी. माझी खात्री आहे की तो उत्तम होणार आहे.

आणि तुला शाबासकी. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात जिन्यात पडलीस तेव्हापासून डॉक्टरांनी खडबडीत जमिनीवर चालू नको म्हटलंय. तू ऐकणार नाहीस असं मला वाटलं होतं. पण बाबांनी तुझ्या फोनचा नकाशावरचा ठिपका मलाही दिसेल असं करून दिलंय. सकाळी बघावं तर तू आपली घरातच. अशीच शहाण्यासारखी राहा.

तुझी भिंगरी

---

१६ फेब्रुवारी

भिंगरे,

शाबासकी पोचली. ठेवून दिली आहे.

मास्तरीणबाईंना तुझं पत्र वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, पोरगी हुशार आहे पण आंधळी आहे. मी भांडले त्यांच्याशी. मग त्या जे म्हणाल्या ते लिहिते. माझं यात काही नाही.

खाण ओलांडली की डाव्या अंगानं एक पाऊलवाट जाते. हातभर रुंद. मधे गवताचं पातं नाही. आता मला सांग, जिथे कोणी चालत नाही ती वाट स्वतःला झाडून काढते का? पुढे एक आडवं पडलेलं झाड आहे. त्याची साल मधल्या भागात घासून तुकतुकीत झाली आहे, आणि ती काही खारींच्या बुडानं झालेली नाही. एका फांदीला चष्मा अडकवायला खोबण आहे. शेजारी सपाट दगड आहे, त्यावर थर्मास बरोबर बसतो, डुगडुगत नाही. सकाळी पावणेआठला ऊन बुंध्याच्या उजव्या टोकावर येतं, म्हणून ती जागा तिथे येणाऱ्या एका नर्सबाईंची, त्यांची कंबर धरते.

हे सगळं मास्तरीणबाईंनी सांगितलं.

तू तिथे शेवटची कधी गेलीस? सात वर्षांची असशील. कोणाचं बोट धरून गेलीस ते आठव. तेव्हा तुझ्या खिशात फोन नव्हता, म्हणजे तूसुद्धा तिथे गेली नव्हतीस असंच म्हणायचं का?

पूर्वी माणसं मोजायला माणूस यायचा. दारात उभा राहायचा, पाणी मागायचा, आत डोकावून बघायचा, पाळण्यातलं पोरही मोजायचा. तुम्ही खिसे मोजता आणि माणसं मोजली म्हणता.

आजी

---

२४ फेब्रुवारी

आजी,

तू रागावलीस हे अक्षरावरून कळलं. मास्तरीणबाईंच्या वतीनं एवढं रागावणं म्हणजे कमाल आहे.

वाट असेल, मी नाही म्हणत नाही. पण वाट किती जुनी, कोणाची, रोजची की वर्षातून दोनदाची, हे तिच्याकडे बघून सिद्ध होत नाही. एका शेजारीणबाईंच्या सांगण्यावरून मी चाळीस हजार फेऱ्यांचा निष्कर्ष बदलला, तर मोठ्या बाई मला हसतील, आणि बरोबरच हसतील.

आकडे मी ३१ मार्चला बंद करणार आहे. तोवर तिथे खरंच माणसं जात असतील तर फोनवर दिसतीलच. दिसली, तर मी स्वतःच्या हातानं तो पांढरा भाग रंगवीन. शब्द देते.

गुडघ्याला तेल लावतेस ना?

भिंगरी

---

१ मार्च

भिंगरे,

शब्द दिलास, लक्षात ठेव.

तेल लावते.

आजी

---

२ एप्रिल

आजी,

हसू की रडू ते मला कळत नाहीये. आधी काय झालं ते सांगते, मग तू सांग.

५ मार्चपासून खाणीपलीकडे अचानक अकरा फोन चालू लागले. रोज सकाळी. मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठून सगळ्यांना बोलावलं. मोठ्या बाई आल्या, चष्मा लावला, दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाल्या, "हे अकरा जण एकमेकांच्या खांद्यावर बसून चालतात का?"

कारण अकराही फोन एकाच वेळी निघतात. एकाच वेळी थांबतात. त्यांच्यात वीतभराचंही अंतर पडत नाही. नाव नसलं तरी वय आणि वजन ॲपमध्ये भरावं लागतं. अकराही जण तेवीस वर्षांचे पुरुष, अकराही जणांचं वजन साठ किलो. आणि हे अकरा जवान गडी दर सव्वाशे पावलांना थांबून दम खातात, आणि पन्नास मिनिटं एका जागी बसतात.

सगळी खोली हसत होती. मी हसत नव्हते. कारण ते खाणीला उजवीकडून वळसा घालत नाहीत, जिकडे पाटी आहे. डावीकडून जातात. त्या वाटेनं मला आयुष्यात एकाच माणसानं नेलंय.

मग मी तुझा ठिपका उघडला. चारही आठवडे, रोज सकाळी, तुझा फोन स्वयंपाकघरात. जरासुद्धा हलत नाही. आजी, माणूस घरात असला तरी हलतो. पाणी प्यायला उठतो, खिडकीशी जातो. हे मला आधी का नाही सुचलं? मी दिवसभर हेच काम करते!

मोठ्या बाईंनी त्या अकरा फोनांवर "बनावट" असा शेरा मारला. वर म्हणाल्या, आता त्या भागातल्या खऱ्या एकोणीस फेऱ्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणजे आजी, तू मदत करायला गेलीस आणि ती जागा आणखी पांढरी करून ठेवलीस.

किती दिवस चाललंय हे? आणि ते अकरा गडी कोण?

भिंगरी

---

७ एप्रिल

भिंगरे,

बिंग फुटलं, बरं झालं. मास्तरीणबाई माझ्या वाटची बोलणी खाऊन कंटाळल्या होत्या.

अकरा गडी म्हणजे घराघरांतल्या खणात पडलेले जुने फोन. कोणाची काच फुटलेली, कोणाचं झाकण रबरानं बांधलेलं. कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्यानं सगळ्यांत ते चालायचं ॲप घालून दिलं. वय-वजन विचारलं तर त्यानं स्वतःचंच टाकलं म्हणे. भाजीच्या पिशवीत घालून मी नेत होते. एकदा त्यातल्या एकाला अचानक घड्याळाचा गजर झाला आणि पिशवीतून बाळ खिदळायला लागलं. समोरून एक चुकलेला पळणारा येत होता, तो आल्या पावली पळाला. तुझ्या एकोणिसात विसावा तोच असेल.

तू म्हणशील आपापले फोन का नाही नेले. तेच तर सांगायचंय.

आम्ही तिथे फोन नेत नाही. नियम आहे. फोन आणला त्याला बुंध्यावर जागा नाही. कारण आमच्यातल्या प्रत्येकावर कोणीतरी ठिपका ठेवलाय. मास्तरीणबाईंचा मुलगा परदेशातून बघतो, आणि त्या दवाखान्याच्या रस्त्यावर दिसल्या की तिकडून फोन करतो, काय झालं, काय झालं. पोस्टमनला, म्हणजे आता घरीच बसवलेल्या पोस्टमनला, सून फाटकाबाहेर दिसला की परत बोलावते. ज्या माणसानं चाळीस वर्षं अख्खं गाव पायाखाली घातलं त्याला! आणि तुझा बाप. मी पडले ते जिन्यात, पण बंदी आली रानावर.

वाईट नाहीत गं ही पोरं. काळजीनं करतात. पण काळजीचा पट्टा असला तरी गळ्यातच असतो.

म्हणून सकाळी साडेसातला माझा फोन फळीवर, चार्जिंगला. तुझा बाप सातलाच निघतो, ऑफिसला जाताना ठिपका बघतो, मी घरात. मी तोवर खाणीपाशी. आम्ही म्हातारेच आहोत असंही नाही. दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या दोघी पाळी संपवून येतात, चपला काढून पाय गवतात सोडतात, कोणाशी बोलत नाहीत. एक बस ड्रायव्हर येतो, तोंडावर टोपी ठेवून अर्धा तास आडवा होतो. त्याचा फोन बसमध्येच. म्हणतो, बरोबर आणला तर डेपोवाले उठवतील.

सापडू नये म्हणून माणसं जिथे जातात ती ही जागा. आणि तू विचारतेस सापडली का नाहीत.

मी खोटं केलं ते कबूल. पण नीट लिहून घे, माणसं खरी होती, फोन खोटे होते. तुझ्याकडे उलटं झालं, फोन खरे आणि माणसं नाहीशी. आता तूच ठरव "बनावट" हा शेरा कोणावर मारायचा.

बापाला सांगू नकोस. सांगायचं असेल तर मी सांगेन.

आजी

---

१४ एप्रिल

आजी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं, मग मोठ्या बाईंच्या टेबलावर ठेवलं. तुझी परवानगी न घेता. रागाव, पण पुढचं वाच.

त्यांनी सावकाश वाचलं. "सापडू नये म्हणून माणसं जिथे जातात" या ओळीखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मला म्हणाल्या, "तुझ्या आजीच्या पिशवीतला एकही आकडा मी घेणार नाही. पण तुझाही निष्कर्ष आता मी घेत नाही." मी म्हटलं, मलाही तो नको आहे. फोन नाही म्हणजे माणूस नाही, असं मी आठ महिने धरून चालले. कोणी मला विचारलं नाही, आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

म्हणून आता तिथे प्रत्यक्ष माणसं मोजायची, दोन आठवडे. मी येणार नाही. मी तुझी नात आहे, मी मोजलेलं कोणी मानणार नाही, आणि मीही मानू नये. दुसऱ्या एक बाई येतील. त्यांना चहा पाजून आकडा वाढवून घेऊ नकोस. मी तुला ओळखते.

आता अवघड भाग. ३ मेला पालिकेत सुनावणी आहे. मोजणीचा कागद मी मांडीनच, पण कागदाला ते प्रश्न विचारतील. ही माणसं कोण? फोन का नाही? पुन्हा पिशवीचा खेळ कशावरून नाही? तिथे जाणाऱ्या कोणीतरी उभं राहून स्वतःच्या तोंडानं सांगावं लागेल. सगळ्यांसमोर. बाबांच्याही. ते येणार आहेत, माझा अहवाल ऐकायला त्यांनी रजा टाकली आहे.

मी तुला ये म्हणत नाही. आलीस तर जागा वाचेल कदाचित, पण तुझी सकाळ जाईल. हे तुलाच ठरवायला हवं.

तुझी भिंगरी

---

६ मे

भिंगरे,

सुनावणीला तू होतीस, पण तू पुढे टेबलाशी कागदात डोकं घालून बसलेली, आणि संपल्यावर लगेच गाडी गाठायला पळालीस. त्यामुळे तुला निम्मंच माहीत आहे. बाकीचं लिहिते.

तुझं पत्र बुंध्यावर वाचून दाखवलं होतं. मग पोस्टमन म्हणाला, "मी नाही बोलणार. सून कुलूप लावेल." नर्सबाई म्हणाल्या, "ठिपका गेला तरी चालेल, पण जागा गेली तर मी कुठे बसू?" मास्तरीणबाई म्हणाल्या, हात वर करून मतं घेऊ. मी म्हटलं, ही काय शाळा आहे? पिशवी मी नेली, निस्तरेन मी. फक्त माझं सांगेन, तुमचं कोणाचं नाव तोंडातून काढणार नाही.

तुझ्या त्या मोजणीवाल्या बाई पक्क्या निघाल्या. चहा देऊ केला, नाही म्हणाल्या. बसा म्हटलं, उभ्याच राहिल्या. चौदा दिवस हातात ते टिकटिक यंत्र. पंधराव्या दिवशी यंत्र घरी ठेवून आल्या, आणि बसल्या. फोन आणला नव्हता. मी त्यांना माझ्या शेजारची जागा दिली.

३ तारखेला मी फोन नेहमीसारखा फळीवर ठेवला आणि मास्तरीणबाईंबरोबर पालिकेत गेले, शेवटच्या रांगेत बसले. तुझा बाप तिसऱ्या रांगेत, नवा शर्ट घालून. तू सांगितलंस, सकाळच्या वेळात सरासरी चौसष्ट माणसं, त्यातल्या बावन्न जणांकडे फोन नाही, आणि उरलेल्यांच्या फोनात ते ॲप नाही. तेव्हा त्यानं टाळी वाजवली. एकट्यानंच. मग साहेबांनी विचारलं, तिथे जाणारं कोणी आलंय का, आणि मी उठले.

तुझ्या बापानं मागे वळून बघितलं. मग खिशातून फोन काढून ठिपका बघितला. मग मला बघितलं. मग पुन्हा ठिपका. बिचाऱ्याला दोन आया झाल्या, एक फळीवर आणि एक माईकसमोर.

साहेब म्हणाले, "आजी, तुम्ही रोज जाता?"

"रविवारी उशिरा जाते."

"किती वर्षं?"

"तुम्ही शाळेत असाल तेव्हापासून."

"मग फोन का नेत नाही? नेलात तर तुमच्याच सोयीचं नाही का? पडलात, लागलं..."

"पडले तर उचलायला चौसष्ट माणसं आहेत, आत्ताच मोजलीत तुम्ही. घरी पडले तर फोन उचलतो होय मला?"

लोक हसले. मी म्हटलं, हसू नका, अजून संपलं नाही. "आम्ही फोन नेत नाही कारण घरच्यांना काळजी वाटते. तिसऱ्या रांगेत बसलाय ना निळा शर्ट, तो माझा. गुणी आहे. त्याला मी दोन वर्षं फसवलं, आणि तुमच्यासमोर सांगते. आता माझी सकाळ राहील की जाईल ते तो ठरवेल. पण जागा तुम्ही ठरवायची आहे. तुमच्या नकाशात ती पांढरी आहे, कारण आम्हाला तिथे कोणी बघत नाही. अशी दुसरी जागा या शहरात कुठे असेल तर दाखवा, मी आज तिथे जाते. गाड्या तिकडे लावा."

साहेबांनी पेनचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी काय ठरवलं ते तुला माहीत आहे. ट्रक आणि गाड्या रानाबाहेर, रस्त्यापलीकडच्या मोकळ्या पटांगणात, खाणीपलीकडे हात लावायचा नाही. तुझा बदललेला अहवाल मंजूर. त्या भागाला तू जो आडव्या रेघांचा रंग दिलास, "माणसं आहेत, फोन नाहीत", तो मला आवडला. पांढऱ्यापेक्षा बरा दिसतो.

आता तुला माहीत नाही ते. घरी जेवताना तुझा बाप एवढंच म्हणाला, "दोन वर्षं, आई?" मी म्हटलं, "अडीच." मग बराच वेळ तो ताटात बोटानं रेघा काढत बसला. मी मनात म्हटलं, झालं, गेली आपली सकाळ. जागा राहिली, नर्सबाईंना ऊन मिळेल, तेवढं पुरे.

दुसऱ्या दिवशी शहाण्या बाईसारखी वागायचं ठरवलं. साडेसातला फोन पिशवीत टाकला, चपला घातल्या. तो ऑफिसला गेलाच नव्हता, दारात उभा, हातात काठी. कुठून आणली विचारलं नाही. काठी माझ्या हातात दिली. मग माझ्या पिशवीत हात घातला, फोन काढला, आत गेला आणि फळीवर ठेवून आला. चार्जिंगला लावला की नाही ते वाकून बघितलं.

"नऊला ये," म्हणाला.

"साडेनऊ."

"बरं."

काठी चांगली आहे. हे त्याला सांगितलं नाही, तूही सांगू नकोस.

आता सकाळी ऑफिसला जाताना तो ठिपका बघतो. ठिपका फळीवर असतो, आणि मी कुठे आहे ते त्याला बरोबर कळतं.

पुढच्या वेळी येशील तेव्हा खिसे रिकामे करून ये. बुंध्यावर जागा आहे.

आशीर्वाद. या खेपेला शेवटी आणि भांडणाशिवाय.

तुझी आजी